बर्फाकडचं बी

माझी लेक जन्मली तेव्हा साखरेच्या पुडीएवढी होती. हे मी नाही म्हणत, नर्सबाई म्हणाल्या, तिला एका तळहातावर घेऊन, आणि मी त्यांच्या हाताकडेच बघत राहिली, आता पडते का, मग पडते का. दिवस भरायच्या आधीच आली ती. कार्तिक महिना होता. नंदुरबारच्या दवाखान्यात तिला काचेच्या पेटीत ठेवली, नाकात नळी, आणि मी बाहेर बाकावर, आणि काचेतून तिची छाती वर होते का खाली होते एवढं बघायचं हेच माझं काम. वर झाली की मी श्वास घ्यायची, खाली झाली की सोडायची. ती सवय माझी अजून गेली नाही. लोक म्हणतात, ही बोलताना पळत आल्यासारखी का बोलते, तर ते तेव्हापासून.

घरी आणली तेव्हा नंदुरबारच्या बाहेर मिरच्या वाळत घातलेल्या, शेतंच्या शेतं लाल, सगळा वारा तिखट. मी रिक्षात तिला पदराच्या घड्यांमध्ये गुंडाळून धरलेली. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, बाजूला बसलेल्या. त्या म्हणाल्या, "तोंड उघडं ठेव वं तिन्हं. मिरचीना ठसकावर कोनी मरत नही, तुन्हा पदरमा मरी."

मी पदर काढला. ती शिंकली. मी परत झाकलं.

दवाखान्यात सांगितलं होतं, हिला गरम ठेवा. अंगाला अंग लावून ठेवा, उघडी छातीवर घ्या, वरून पांघरूण. मग मी दिवसभर तशीच. शेगडी पेटवून, खिडकी बंद करून, तिला छातीवर घेऊन बसायची, आणि तिचं डोकं माझ्या हनुवटीखाली, आणि मला हलायची भीती. नववीपर्यंत शिकली मी, शाळेत काय काय शिकवलं ते आता आठवत नाही, पण हे एक पक्कं शिकली, की लहान जीव म्हणजे ऊब. ऊब कमी पडली की गेलं.

आमचे हे केळीच्या गाडीवर ड्रायव्हर आहेत. तापीच्या काठाला आमच्याकडे सगळी केळीच, इथे गाडी भरली की ती थेट काश्मीरकडे जाते. लेक पेटीत होती तेव्हा हे तिकडेच अडकलेले, रस्ता बर्फाने बंद, गाड्यांची रांग, आणि फोनवर नुसतं "कशी शे, कशी शे." तिथे रस्त्याच्या कडेला एक म्हातारी बाई चहाचं दुकान चालवते. ह्यांनी तिला सांगितलं, मुलगी झाली पण अशी अशी आहे. तर त्या बाईने दुकानाच्या मागे जाऊन कागदाची एक पुडी आणून दिली.

हे घरी आले, हातपाय धुतले, लेकीला बघितलं, पण हात नाही लावला, तेपण घाबरलेलेच होते. मग खिशातून पुडी काढून माझ्या उशाशी ठेवली.

"काय शे हाई?"

"फुलनं बी शे. तठली चहावाली बाईनी दिन्हं. म्हने, तुन्ही पोरले दे."

"इतलीशी पोर काय करी बीनं?"

"माले काय माहीत. ती म्हने, हाई झाड बी असंच धाकलं ऱ्हास. जमीनले चिकटीसन, बोटयेवढं. आख्खा हिवाळा बरफना खाले ऱ्हास, नि बरफ गया का वर येस. गुलाबी फूल लागस. दर साल तेच झाड, मरत नही."

मी पुडी उघडली. खसखशीपेक्षा बारीक बी. माझ्या बोटाला घाम होता, त्याला चार-दोन दाणे चिकटले, आणि मी ते झटकून परत पुडीत टाकले, एकसुद्धा हरवू दिला नाही. कारण तोपर्यंत माझ्या डोक्यात बसलं होतं. बर्फाखाली राहून वर येतं, मरत नाही. मी मनात म्हटलं, हे जगलं तर ही जगेल.

असं म्हणू नये हे मला कळत होतं. पण एकदा मनात आलं ना, मग ते केळीच्या चिकासारखं, कापड फाटेल पण डाग जाणार नाही. कोणाला सांगितलंही नाही. ह्यांना नाही, आत्यांना तर नाहीच.

पेरायचं म्हणजे मला एकच पेरणं येत होतं, नवरात्रात घट बसवतात ते. शेतातली काळी माती आणायची, चाळायची, शेणखत कुस्करून घालायचं, बी दाट टाकायचं, रोज पाणी. आमच्याकडे चांगली माती म्हणजे काळी माती, दुसऱ्या मातीला आम्ही माती म्हणतच नाही. मी सासऱ्यांना सांगून नदीकडच्या शेतातली, केळीतली माती आणवली, ती सगळ्यात कसदार. एका पसरट कुंडीत भरली. अर्धं बी टाकलं, अर्धं पुडीत ठेवलं, का ठेवलं ते मलाच माहीत नाही, भीतीनेच ठेवलं असेल. वर जुन्या साडीचं फडकं झाकलं आणि कुंडी शेगडीजवळ ठेवली, लेकीच्या खाटेच्या पायाशी. दोघींना एकच ऊब.

लेकीला पाजलं की कुंडीत पाणी. लेकीचं लंगोट बघायचं की कुंडीचं फडकं उचलून बघायचं. घट तर दोन-तीन दिवसांत वर येतो, हे काही येईना. मग मी आणखी थोडं पाणी घालायची. मग एक दिवस फडकं उचललं तर मातीवर पांढरी लव. मला वाटलं आलं, उगवलं, मी खाली वाकली, तर बुरशी. वास पण आला, ओल्या गोणपाटासारखा.

आणि त्याच आठवड्यात लेकीला सर्दी झाली, नाक गच्च, दूध ओढता येईना, दोन घोट घ्यायची आणि तोंड सोडून रडायची, आणि तिचं रडणं पण कसं, मांजराच्या पिल्लासारखं. डॉक्टर म्हणाले साधी सर्दी आहे, नाकात थेंब टाका. मी टाकले. पण मला माहीत होतं ना मी मनात काय म्हटलं होतं ते. मी ती कुंडी उचलली आणि मागच्या अंगणात केळीच्या बुंध्यामागे लपवली, कोणाला दिसू नये म्हणून, लेकीला तर मुळीच.

सर्दी गेली तिची. माझी भीती गेली नाही. पुडीत अर्धं बी उरलं होतं, आणि आता मला ते पेरायलाही भीती आणि तसंच ठेवायलाही भीती.

ह्यांचा फोन आला तेव्हा हे वर काश्मीरकडेच होते, त्याच चहाच्या दुकानात. म्हणाले, "उगनं का?"

मी म्हटलं, "नही."

"कसं टाकं व्हतं?"

मी सगळं सांगितलं, माती कुठली, खत किती, शेगडी, फडकं. मग ह्यांनी तिथल्या बाईला हिंदीत सांगितलेलं ऐकू आलं, आणि मग ती बाई हसली. खूप हसली. मग तिनेच फोन घेतला. माझं हिंदी तुटकं, तिचंही तसलंच.

"काली मिट्टी?" ती म्हणाली. "खाद भी?"

"हां."

"आग के पास?"

"हां."

परत हसली. मग म्हणाली, "बेटी, पत्थर दे, रेत दे, ठंड दे. और कुछ मत दे."

मी म्हटलं, "हमारे यहां ठंड नहीं है." आमच्याकडे जानेवारीत सकाळी सकाळी थोडं कुडकुडतं तेवढंच, दुपारी परत घाम.

"फ्रिज नहीं है घर में?"

फ्रिज होता. आत्यांचा होता.

मी सासऱ्यांना परत सांगितलं, आता माती नको, तापीची वाळू आणा, जाडी, गोटे असलेली. ते माझ्याकडे बघत राहिले. केळी पिकवणाऱ्या माणसाला सून सांगते गोटे आणा. पण आणले त्यांनी. मी ती वाळू धुतली, विटेचा एक तुकडा बत्त्याने फोडून घातला, एका आईस्क्रीमच्या डब्याला खालून भोकं पाडली, भरलं. बी वरच टाकलं, विरळ, वाळूत दाबलं पण नाही, बाईने सांगितलं होतं तसं. खत नाही, ऊब नाही, काहीच नाही. म्हणजे उपाशीच ठेवायचं ना. माझा जीवच होत नव्हता झाकण लावायचा.

आत्यांनी ताक काढायला फ्रिज उघडला आणि तशाच उभ्या राहिल्या.

"हाई काय शे वं? मन्हा फ्रिजमा माती?"

"बी शे आत्या. थंडीमा ठेवनं पडस."

"काबर? बीले ताप उना का?"

मी छातीवरच्या लेकीचं पांघरूण सारखं केलं.

"पोरले शेगडीजोडे शेकस नि बीले फ्रिजमा घालस. डोकं ठिकाने शे ना तुन्हं?" त्यांनी डबा उचलला, वास घेतला, आत बघितलं. नुसते गोटे. "नि हाई ताकना जोडे नको. खाले ठेव, कोथिंबीरजोडे. तेल सांडनं, दूध सांडनं, ते चाली. माती सांडनी ते तुलेच फ्रिजमा बसाडसू."

डबा कोथिंबिरीजवळ गेला. आणि माझं दोन ठिकाणी पळणं सुरू झालं. इकडे खोलीत ऊब, तिकडे स्वयंपाकघरात थंडी. इकडे पांघरूण नीट आहे का, तिकडे लाईट आहे का. दुपारची लाईट जायची, मग मी फ्रिजच्या दाराला पाठ लावून उभी राहायची, कोणी उघडू नये म्हणून, लेक छातीवर, आणि आत्या म्हणायच्या, "सरक वं, माले दूध काढू दे." मी म्हणायची, लाईट आल्यावर काढा ना आत्या. त्या म्हणायच्या, "मन्हा जमानामा सासू फ्रिज राखे नि वहू मांगे. आते उलटंच चाली ऱ्हायनं."

उगवलं ते मला आधी दिसलंच नाही. महाशिवरात्रीच्या आसपास असेल, आत्याच म्हणाल्या, "तुन्हा गोटासमा काहीतरी हिरवं शे, शेवाळ शे का देख." मी डबा उजेडात नेला. शेवाळ नव्हतं. दोन-दोन पानं, टाचणीच्या डोक्याएवढी, गोट्यांना टेकलेली. इतकी लहान की श्वास सोडला तर हलतील, म्हणून मी श्वास धरला. लेक खाटेवर एकटी होती, पहिल्यांदा मी तिला एकटी सोडून आली होती उठून, तेही मला नंतर लक्षात आलं. पळत गेली. ती जागी होती, मुठी तोंडात घालून छताकडे बघत होती, काही झालं नव्हतं तिला.

ते दिवस चांगले होते. डबा दारापुढच्या ओट्यावर ठेवला, सावलीत, सकाळचं कोवळं ऊन येईल असा. लेकीला तेल लावायला तिथेच बसायची मी. गावाबाहेरच्या कारखान्याचा भोंगा वाजला की ती दचकायची, मग माझ्याकडे बघायची, मी दचकली नाही असं बघून गप्प व्हायची. मी पण दचकलेलीच असायची, पण तिला दाखवायची नाही. रोपांना तिसरं पान आलं, मग चौथं, आणि त्यांचं एक गोल बसलं, कापडावरच्या बुट्टीसारखं. लेकीच्या मांडीला पहिली वळी पडली. मी दोन्ही बघायची, आळीपाळीने.

मग चैत्र लागला आणि आमचं ऊन सुरू झालं. इकडचं ऊन ज्यांनी बघितलं नाही त्यांना काय सांगू. सकाळी आठला ओट्याची फरशी पायाला लागते. मी डबा आत घेतला तर आत उजेड नाही, बाहेर ठेवला तर गरम झळा, ओलं फडकं घातलं तर तासाभरात कडक. फ्रिजमध्ये परत ठेवावा तर आत काळोख. रोपं एकेक करून आडवी व्हायला लागली. आज ह्या कोपऱ्यातलं, उद्या त्या कोपऱ्यातलं, आणि आडवं झालं की दुपारपर्यंत नुसता धागा. मी मोजली नाहीत कधी. मोजायची हिंमत नव्हती.

लेकीलाही घामोळं आलं, किरकिर करायची, दूध पिता पिता झोपायची. अंगणवाडीच्या बाई दर महिन्याला वजन करतात, त्यांनी निरोप पाठवला, पोरीला आण. मी नाही नेली. म्हटलं ऊन आहे. ऊन तर होतंच. पण खरं म्हणजे त्या काट्याकडे बघायची मला भीती होती. काटा खाली आला तर. डब्यात रोपं कमी होत चाललीत, आणि मी काय मनात म्हटलंय ते काट्याला माहीत असलं तर.

आणि त्यात आखाजी आली, म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्याकडे दिवाळीपेक्षा आखाजी मोठी, बाईची तर तीच. कितीही लांब दिलेली असो, आखाजीला लेक माहेरी जाते, झोका बांधतात, आंब्याचा रस, खापरावरच्या पुरणपोळ्या, चार दिवस कोणी काम सांगत नाही. माझं माहेर रनाळ्याचं. आईने दिवस मोजलेले, बाळाला बघून किती दिवस झालेले. भाऊ सकाळीच मोटारसायकल घेऊन मला न्यायला आला, दारात उभा राहिला.

"चाल ताई. ऊन चढाना पहिले निंघू."

मी म्हटलं, "मी नही येस."

"काबर?"

"पोरले ऊन लागी."

"मायनी तुन्हासाठे झोका बांधा, रस काढा. तू येस नही म्हनस? मी काय तोंड दाखाडू?"

मी आत गेली. डबा स्वयंपाकघराच्या खिडकीत होता, मी त्याच्यासमोर उभी राहिली. मधली दोन-तीन रोपं उभी होती फक्त. मी गेली तर रोपांना पाणी कोण शिंपडणार, कोण हलवणार खिडकीतून ओट्यावर, ओट्यावरून खिडकीत. आत्या मागून आल्या. हातात नवी घागर होती, कुंभाराकडून आणलेली. आखाजीला नवी घागर भरतात पितरांसाठी, त्याचीच तयारी चालली होती त्यांची.

"भाऊ दारमा उभा शे. काय देखी ऱ्हायनी तठे?"

"मी नही जास आत्या."

"का बरं?"

मग मी बोलली. रडत नव्हती, पण श्वासच पुरेना, शब्द अर्धे अर्धे येत होते. सांगितलं, की मी मनात असं म्हटलं होतं, हे जगलं तर ही जगेल, आणि आता हे मरायला लागलंय, म्हणून मी वजन पण नाही केलं, म्हणून मी जात पण नाही. म्हटलं आता शिव्या बसणार. असलं अभद्र बोलली पोरीबद्दल.

आत्यांनी घागर हळूच खाली ठेवली. पदराने तोंड पुसलं. मग म्हणाल्या, "तुन्हा नवरा बी असाच व्हता."

"कसा?"

"असाच. मुठीयेवढा. तवय कोठे काचनी पेटी नि काय. नि त्याच दिन आपली म्हैसले पारडू व्हयनं. ते बी तसंच, नुसतं हाडं, उभं ऱ्हाये ना. मी मनमा म्हनी लिन्हं, पारडू जगनं ते मन्हा पोऱ्या जगी. तुले वाटस तूच येडी. मी रोज गोठामा जाईसन देखू, उभं शे का. तुन्हा आजेसासरा म्हने, वहूले पोऱ्यापेक्षा पारडू जास्त आवडस."

"मंग?"

"मंग काय. पारडू मरी गयं."

मी त्यांच्याकडे बघत राहिली.

"आठ दिनमा मरनं. मी इतली रडनी, घरना म्हने पारडूसाठे कोनी इतलं रडस का. मी काय सांगू तेस्ले. आते मन्हा पोऱ्या मरी म्हनीसन बसनी मी तेले मांडीवर लई." त्या घागरीवरून हात फिरवत होत्या. "नि तो तर पारडूना वाटानं दूध बी पी गया. आख्खी म्हैस तेलेच. आते देख, कितला जाड व्हयना, ट्रकना दार लागत नही तेन्हावर."

मला हसू आलं आणि त्याच वेळी डोळ्यातून पाणी पण आलं, आणि श्वास जो अडकलेला होता तो एकदम सुटला, मी खिडकीचा गज धरला.

"रोपडं वेगळं, पोर वेगळी," आत्या म्हणाल्या. "जाय. जाता जाता वजन करी ले. तुन्ही माय वाट देखी ऱ्हायनी व्हई. हाई मी देखसू."

"कसं देखशात?"

त्या घागर आणि डबा उचलून बाहेर ओट्यावर गेल्या. ओट्याच्या उत्तरेकडच्या कोपऱ्यात, जिथे दिवसभर ऊन येत नाही, तिथे त्यांनी घागरीसाठी वाळूची बैठक केली होती, पाण्याने भिजवलेली. नवी घागर सारखी पाझरते, वाळू सुकत नाही. त्यांनी घागर बसवली, आणि तिच्या पोटाला लागून वाळूत एक खळगा केला, आणि माझा आईस्क्रीमचा डबा त्यात बसवला.

"पितरसले थंडं पानी लागस, याले बी लागस," म्हणाल्या. "चाल, निंघ आते."

अंगणवाडीत काट्याला झोळी लावलेली असते, पोर त्यात टाकायचं. मी टाकली. तिने आभाळ फाटल्यासारखा गळा काढला. मी काट्याकडे बघितलंच नाही, बाईंच्या तोंडाकडे बघत होती. बाई चष्मा वर करून वाकल्या.

"वाढनं," त्या म्हणाल्या. "भलतं वाढनं. इतला दिन काबर लई उनी नही?"

मी म्हटलं, ऊन होतं.

"रडू दे तिले. कितला मोठा आवाज शे देख."

खरंच मोठा आवाज होता. मांजराच्या पिल्लाचा नव्हता आता. कधी बदलला तो, मला कळलंच नव्हतं. माझे कान कुंडीत आणि डब्यात. भाऊ बाहेर गाडीवर बसलेला, तो म्हणाला, "हाई पोर धाकली म्हनीसन सांगत व्हती तू? हाई तर आख्खा रनाळाले उठाडी."

माहेरी मी झोक्यावर बसली. आईने लेकीला घेतलं आणि परत दिलीच नाही, गावभर फिरवली. मी फोन करायची सकाळ-संध्याकाळ.

"शे का आत्या?"

"शे."

"कितली शेत?"

"पोर कशी शे ते सांग पहिले."

मग मी पोरीचं सांगायची. रस चाटला, आईच्या नाकाला धरलं, पालथी पडली. आत्या ऐकत राहायच्या, मग म्हणायच्या, "बरं शे," आणि फोन ठेवायच्या. माझा प्रश्न तसाच राहायचा. तिसऱ्या दिवशी मी विचारायचं विसरली.

परत आली तेव्हा लेक आत्यांकडे झेपावली आणि मी कोपऱ्यात गेली. घागर तशीच, पाझरून काळपट झालेली, वर गोणपाटाचा ओला तुकडा टांगलेला, वारा त्यातून यावा म्हणून. डब्यात एक रोप होतं. एकच. बाकी मेलेली आत्यांनी काढून टाकली होती, तिथे गोटे नीट सारखे केलेले. त्या एकाचं गोल घागरीच्या बाजूला थोडं कललेलं.

मी वाट बघितली की आता भीती येईल. एकच उरलं म्हणून. ती आली नाही. म्हणजे आली, पण रोपाचीच आली, आता ह्याला पावसात झाकायला काय करू, गोगलगाय खाईल का, असली. लेकीचं नाव त्यात नव्हतं.

मग ते रोप आमच्या घरात राहिलं, कोणी पाहुणा राहतो तसं. पावसात आत, मग बाहेर, हिवाळ्यात रात्रभर ओट्यावर उघडं. ह्यांना सांगितलं होतं, ते वरून विचारायचे, आणि चहावाली बाई पण विचारायची. आत्या येता-जाता घागरीतला हात त्याच्यावर झटकायच्या आणि म्हणायच्या, काही कामनं नही हाई, नुसतं बठेल शे.

फूल माघात आलं. आधी गोलाच्या मधून एक काडी, करंगळीच्या नखाएवढी, मग तिच्या टोकाला गुलाबी. बाईने सांगितलं तसंच, जमिनीला चिकटून, मान पार खाली घालावी तेव्हा दिसेल. मी खाली बसून बघितलं. मध्ये पिवळा ठिपका होता. आत्यांना हाक मारली, त्या पीठ मळत होत्या, तशाच हाताने आल्या, गुडघ्यावर हात ठेवून वाकल्या.

"इतलंसं?" त्या म्हणाल्या. "यासाठे मन्हा फ्रिज अडाई ठेवा व्हता?"

मी म्हटलं, थांबा, ह्यांना फोटो पाठवते, आणि फोन आणायला आत गेली. फोन चार्जिंगला लावलेला होता, तेवढाच वेळ. लेक तेव्हा भिंत धरून चालायला लागली होती. बाहेर आली तर ती डब्याजवळ बसलेली, दोन्ही हात वाळूत, आणि तोंड हलतंय. काडी दिसत होती ओठांमधून. गुलाबी कुठे नव्हतं.

मी धावली, तिच्या तोंडात बोट घातलं, काडी काढली, बाकी गिळलेलं. ती माझ्या बोटाला चावली, चार दात आले होते तिला. मी ह्यांना तिथूनच फोन लावला, धापा टाकत, म्हटलं तुमच्या चहावालीला विचारा, विषारी नाही ना, तिने खाल्लं. हे म्हणाले काय खाल्लं. मी म्हटलं फूल. हे म्हणाले, फूल आलं? मी म्हटलं आलं होतं.

तिकडे बोलणं झालं, मग बाईचं ते मोठं हसणं. हे म्हणाले, "म्हनस, काही व्हत नही. तठल्या बकऱ्या रोज खातस."

आत्या पिठाचे हात लांब धरून उभ्या होत्या, सगळं ऐकत. लेक आता पानांकडे वळली होती. मी तिला उचलायला गेली तर त्यांनी कोपराने मला थांबवलं.

"ऱ्हाऊ दे दोन घडी," त्या म्हणाल्या. "पारडू चरी ऱ्हायनं."